बिनबटणाच्या फोनची सौनातली चाचणी

आमच्या कंपनीच्या बटण विभागात एकेचाळीस माणसं होती. फोनवर बटणं सतरा. म्हणजे दर बटणामागे जवळजवळ अडीच माणसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तैस्तो. बटण दाबल्यावर येणारा 'टक्' कसा असावा, यावर त्याने नऊ वर्षं घालवली होती. आयुष्य इतकं सत्कारणी लागलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

कॅलिफोर्नियातून तो नुसत्या काचेचा फोन उन्हाळ्यात बाजारात आला होता. आमच्याकडे तो बघून लोक महिनाभर हसले. मी हसलो नाही, ही माझी चूक. आठ महिने खपून मी एक बिनबटणाचा नमुना केला. समोर सगळी काच, बोटाने सरकवायचं. नमुना एकुलता एक. शुक्रवारी मंजूर झाला तर आमचा पुढचा फोन तसा निघणार. नाही झाला, तर नियमाप्रमाणे सोमवारी त्याचा चुरा.

शुक्रवार म्हणजे सौना, घाम काढायची तापलेली लाकडी खोली. आमच्या उत्तरेकडल्या औलू शहरात महत्त्वाचा निर्णय कपडे घालून कुणी घेत नाही. वरच्या बाकावर संचालक यालमारी, शेजारी तैस्तो. खालच्या बाकावर मी, कारण माझं वय सव्वीस.

"ओन्नी, आण रे तुझी ती काच," तैस्तो म्हणाला.

"इथे आत? अरे, नव्वद अंश आहेत!"

"मग? आपलं गिऱ्हाईक सौनात जात नाही की काय?"

"जातं ना. फोन बाहेर ठेवून जातं."

"कारण आत नेण्यासारखा फोन अजून कुणी केलाच नाही," यालमारी म्हणाला. तैस्तोने मान डोलवली. दोघंही घामाने आणि दूरदृष्टीने निथळत होते.

मी नमुना आणला. तैस्तोने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली, काच ओली झाली, बोट घसरलं, पडदा काळा पडला.

"गेला बिचारा," तैस्तो म्हणाला. इतक्या आनंदात सांत्वन करणारा माणूस विरळाच.

मग त्याने बाकावर ठेवलेला आपला बटणवाला फोन उचलला. बटणं इतकी तापली होती की बोट लावता येईना. तेव्हा त्याने अंगावर मारून घ्यायची बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी उचलली आणि तिच्या देठाने पाच दाबला. टक्. नऊ वर्षं भिंतीवर आपटून परत आली.

यालमारीने डोळे मिटून दाद दिली.

आम्ही टॉवेल गुंडाळून ओसरीवर थंड व्हायला बसलो. बाहेर उणे अठरा. शेगडीवर सॉसेज, हातात बिअर. तेवढ्यात माझा नमुना शुद्धीवर आला आणि पडद्यावर ऑफिसातल्या सगळ्यांचा फोटो उजळला.

"बघू," यालमारी म्हणाला. "हा फोटोतला मी?"

"तूच."

"मोठा होतो?"

"दोन बोटांनी."

पुढची चाळीस मिनिटं संचालक स्वतःला मोठा करत बसला. "आता माझ्याकडे दे की," तैस्तो तीनदा म्हणाला, आणि चौथ्यांदा त्याने फोन हिसकावला. सॉसेजचा कोळसा झाला. बिअर गोठली. तैस्तोचे पाय निळे पडले, पण त्याला ते कुणी सांगितलं नाही.

मग आम्ही आत जाऊन मतं घेतली. एकास दोन. नमुना नामंजूर. इतिवृत्तात कारण लिहिलं: 'प्रत्यक्ष वापरात टिकत नाही. शिवाय वापरणाऱ्याचं सॉसेजकडे दुर्लक्ष होतं.' नव्या फोनला एकोणीस बटणं द्यायचं ठरलं.

"अरे, पण चाळीस मिनिटं तो तुमच्या हातातून सुटत नव्हता!" मी म्हणालो.

"ती मजा होती, पोरा," यालमारी म्हणाला. "फोन वेगळा."

सोमवारी माझ्या टेबलावर कागद आला: नमुन्याचा चुरा केला, सही तैस्तो. दुपारी कॅन्टीनमध्ये तो एका हाताने सूप पीत होता. दुसरा हात टेबलाखाली होता आणि अंगठा सरकत होता.

"काय करतोयस रे, तैस्तो?"

"काही नाही," तो मान वर न करता म्हणाला. "हे चालणार नाही, याची खात्री करून घेतोय."

त्याच्यामागे ट्रे घेऊन यालमारी उभा होता. त्यालाही खात्री करून घ्यायची होती.