लोवेनाची झोप

अंजलै थडगं घासत होती आणि खाणीचे मोठे साहेब तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

"सावली हलवू नका, दोरै. पाठ भाजते माझी."

दोरै, म्हणजे ट्रेम्बाथसाहेब, यांनी छत्री सरळ केली. कोलारच्या त्या सोन्याच्या खाणीत हजारो माणसं त्यांच्या शब्दावर पाताळात उतरत आणि त्यांच्याच शब्दावर वर येत; रविवारी सकाळी मात्र साहेब अंजलैच्या हाताखाली असत. पाणी आणणं, नारळाची शेंडी पुढे करणं, छत्री धरणं ही कामं त्यांच्याकडे होती. इतक्या वर्षांत एकही धड जमलेलं नाही, असं तिचं मत होतं.

दगडावर नाव होतं लोवेना, वय पाच. साहेबांची लेक. अंजलै तिची आया. ताप घशात उतरला आणि दवाखान्यातून बर्फ येईपर्यंत सगळं आटोपलं. मॅडम त्याच वर्षी विलायतेला गेल्या, त्या परतल्या नाहीत. नाताळात त्यांचं कार्ड येई. साहेब राहिले. क्लबातली मंडळी म्हणत, पगारासाठी राहिला. साहेबांनी ते कधी खोडून काढलं नाही, कारण पगार खरोखरच चांगला होता आणि खोटं बोलणं त्यांना जमत नसे. एकदा मनाई असलेल्या जागी चुकून चिरूट पेटवला, तर वर आल्यावर त्यांनी स्वतःला दंड ठोठावला, आणि पुन्हा असं होता कामा नये अशी स्वतःला समजही दिली, असं हेडक्लार्क सांगत असे.

आता ते निवृत्त झाले होते. शुक्रवारी मद्रासहून बोट होती.

"नवा दोरै इथे खाली सुरुंग लावणार म्हणे," अंजलै मान वर न करता म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या घरात एक मेस्त्री राहतो. जेवताना बडबडतो."

हा मेस्त्री म्हणजे तिचा नवरा मुनिरत्नम. खाणीच्या तळाशी पूर्वेकडे जाणारा जो बोगदा होता, तिथली टोळी त्याच्या हाती होती. तो बोगदा जिथे थांबला होता, त्याच्या बरोबर वर हे कब्रस्तान.

"खाली म्हणजे तीन हजार फूट खाली, अंजलै. मध्ये अख्खा डोंगर आहे. तिला काही ऐकू जाणार नाही."

"सुरुंग उडाला की माझ्या फळीवरची ताटं खाली येतात. ताटांना ऐकू येतं, आणि पोरीला नाही?"

साहेबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"चमचा पडला तरी उठून बसायची. तुम्ही घोरत असायचात, तुम्हांला काय ठाऊक! तिला पुन्हा निजवताना माझे हात गळून जायचे."

"तिथे सुरुंग लावायची वेळ येणार नाही," साहेब म्हणाले. "मागे मी तिथले दगड तपासून घेतलेत. वांझ आहेत. सोन्याचा कण नाही. मी सांगेन त्याला."

अंजलै मघाशीच लख्ख झालेला कोपरा पुन्हा घासायला लागली.

"वांझच आहेत," ती म्हणाली. "फार वांझ आहेत, दोरै."

त्या तपासणीचा निकाल आला, त्या दिवशी साहेब ऐन कामाच्या वेळी उठून चर्चमध्ये जाऊन बसले होते. सोनं निघालं असतं, तर सुरुंगाच्या हुकमावर सही त्यांनाच करावी लागली असती. आणि त्यांनी ती केली असती. हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. त्या वेळी देवाने सोडवलं, असं ते धरून चालले होते.

नव्या साहेबाचं नाव हॅलिडे. त्याला लंडनच्या संचालकांनी पाठवलं होतं. या संचालकांनी खाण पाहिलेली नव्हती. त्यांना सोनं लंडनमध्येच, नफ्याच्या वहीत सापडायचं, आणि अलीकडे जरा कमी सापडू लागलं होतं. हॅलिडेने ट्रेम्बाथसाहेबांचं सगळं म्हणणं आदराने ऐकून घेतलं.

"पण ती तपासणी जुनी झाली," तो म्हणाला. "मी ताजे तुकडे फोडून घेतो. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली," साहेब म्हणाले.

मंगळवारी दोघे माणसं खाणीत सोडणाऱ्या लोखंडी पाळण्यातून खाली उतरले. तळाशी भट्टीसारखी धग होती. बोगद्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत हॅलिडेची कॉलर मान टाकून बसली होती.

टोकाला मुनिरत्नम भिंतीला पाठ टेकून बसला होता. मांडीवर डबा होता. दोन-दोन साहेब समोर आले, तरी तो उठला नाही. बसूनच त्याने सलाम केला.

"हा उठत नाही?" हॅलिडेने विचारलं.

"गुडघा, दोरै," मुनिरत्नम म्हणाला.

हाच गुडघा आदल्या दिवशी साठ फुटी शिडी चढताना ट्रेम्बाथसाहेबांनी पाहिला होता. त्यांनी कंदील उचलला. मुनिरत्नमच्या खांद्यामागून, कानाच्या जरा खाली, पांढऱ्या गारगोटीचा पट्टा बाहेर डोकावत होता आणि त्यात हळदीत बुडवलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी चमकत होतं. इंचभरच. बाकीचं मेस्त्रीच्या पाठीमागे होतं. ज्या माणसाचं आयुष्य दगड बघण्यात गेलं, त्याला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. मागच्या वेळी हे तुकडे कुणी फोडले होते, तेही त्यांना त्याच क्षणी आठवलं.

मुनिरत्नम त्यांच्याकडे बघत होता. नजरेत विनवणी नव्हती. वैद्य नाडी बघत असताना आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तसा तो बघत होता.

"तर मग," हॅलिडेने हातोडा काढला, "इथे काही नाही हे तुमचं मत अजून कायम आहे?"

ट्रेम्बाथसाहेबांनी त्या हातोड्याकडे बघितलं.

मग त्यांनी कंदील समोरच्या भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला, पँट जरा वर ओढली आणि कण्हत कण्हत मुनिरत्नमच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, दगडाला पाठ टेकून बसले.

"वय झालं," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. "हॅलिडे, तुम्ही घ्या तुकडे. आम्ही तोवर जेवतो. उघड रे डबा."

डब्यात नाचणीचे उंडे होते आणि लाल मिरचीची चटणी. मुनिरत्नमने मोठा उंडा साहेबांच्या हातावर ठेवला.

हॅलिडेने डावीकडचा दगड फोडला, उजवीकडचा फोडला, समोरचा फोडला, छताचाही फोडून पाहिला. तुकडे पिशव्यांत गेले. शेवटी तो हातोडा घेऊन दोघांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"इथलाही एक..."

"दोरै जेवतायत," मुनिरत्नम म्हणाला.

देवळाचा पुजारी गाभाऱ्याचं दार लावून घेताना बोलतो, तो हा आवाज होता. हॅलिडेने ज्येष्ठ साहेबाच्या पांढऱ्या मिशीला लागलेली चटणी बघितली, हातातला अर्धा उंडा बघितला. साहेबाला जेवणावरून उठवलं असं क्लबात सांगितलं, तर लोक सांगणाऱ्याचीच कीव करतील, हे त्याला दिसलं असावं. त्याने घाम पुसला.

"पुरेत एवढे," असं म्हणून त्याने पिशव्या बांधल्या आणि तो पाळण्याच्या दिशेने चालू लागला.

त्याच्या बुटांचा आवाज विरेपर्यंत दोघे बसून होते.

"मागच्या वेळी, दोरै," मुनिरत्नमने घसा साफ केला, "ते तुकडे..."

"मी विचारलं नव्हतं."

"नव्हतं."

"आजही विचारलेलं नाही."

मेस्त्रीने चटणी त्यांच्याकडे सरकवली. दगडाची धार साहेबांच्या पाठीत रुतत होती. ते हलले नाहीत. तेवढ्यात पश्चिमेकडे कुठेतरी सुरुंग उडाले. जमीन थरथरली, छतावरून चिमूटभर धूळ डब्यात पडली. दोघांचेही घास तोंडात थांबले. दोघेही मान वर करून काळ्या छताकडे बघत राहिले.

"उठली नसेल ना?" साहेबांनी हळूच विचारलं.

मुनिरत्नमने आणखी थोडा वेळ कान दिला.

"नाही," तो म्हणाला. "लांबचा होता."