चौघांचं एक क्लॉक

देवश्रीला गुजरातमधल्या वाघोडियाच्या एका छोट्या कारखान्यात कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आजच्या चाचणीवर ठरणार होतं. यंत्रात मोजमापाची चार कार्डं. चौघांनी एकाच क्षणी मोजावं म्हणून सगळ्यांना मिळून एकच क्लॉक, म्हणजे ठोके देणारा सिग्नल. ते तारांच्या जोडीतून एकेका कार्डापाशी जायचं. एक तार वर गेली की दुसरी खाली, कार्डाने फक्त फरक वाचायचा. आराखडा मालक भास्कररावांचा होता, म्हणजे त्यात खोट काढणं हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

खोट तर होतीच. तारेच्या टोकाला सिग्नल आपटून माघारी फिरू नये म्हणून तिथे एक रेझिस्टर लागतो. भास्कररावांनी तो चारही कार्डांवर बसवला होता. "आपल्याकडे पंक्तिप्रपंच नाही," ते म्हणायचे. "कुठलंही कार्ड कुठल्याही खाचेत!" एका कार्डाच्या जुन्या यंत्रात ते खपून गेलं. इथे चौघांनी मिळून सिग्नल असा ओरपला, की क्लॉकचा प्रत्येक ठोका मागेपुढे थरथरायला लागला.

"सर, रेझिस्टर फक्त शेवटच्या कार्डाला हवा," देवश्रीने सांगून पाहिलं.

"मग तीस वर्षं मी काय झोपा काढल्या?"

तिला हो म्हणायचं होतं. ती म्हणाली, "चहा सांगू?"

भास्करराव सावली गावच्या गिऱ्हाइकाला आणायला गेले, तेव्हा तिने पहिल्या तीन कार्डांवरचे रेझिस्टर काढून टाकले. थरथर थांबली. तिला मनापासून आनंद झाला आणि लगेच तिने काढलेले रेझिस्टर खिशात लपवले.

गिऱ्हाईक केयूरभाई खाकरा खात आले, आकडे पाहून खूश झाले. "सरस! ने कार्ड अदलाबदली थाय?"

"थाय ज ने!" होणारच की, म्हणत भास्कररावांनी शेवटच्याच कार्डाला हात घातला.

"सर, ते काढू नका," देवश्री म्हणाली. "बाकी तिघांवरचे रेझिस्टर मी काढलेत. म्हणून तर चाललंय."

केयूरभाईंचं खाकरा चावणं थांबलं.

"कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

भास्कररावांनी स्क्रीनवरचे आकडे पुन्हा एकदा वाचले, चष्मा पुसून आणखी एकदा वाचले. मग हात बाहेर घेतला.

"केयूरभाई, आ डिझाइन आ बेननी छे. जे पूछवुं होय ते एने पूछो."

डिझाइन या बाईंचं, हे ऐकून केयूरभाई तिच्याकडे वळले. "पांचमुं कार्ड मूकवुं होय तो?"

पाचवं कार्ड बसवायचं झालं तर काय, हा प्रश्न अवघड होता. देवश्रीने घाबरून मालकांकडे पाहिलं. ते तिला बसायला खुर्ची शोधत होते.