तोंडपाठ ओळ

माझं तोंड फाटकं आहे, असं आई म्हणते. असेना का! बस डेपोत ड्रायव्हरांचे डोळे तपासायचे तर गुळमुळीत बोलून चालत नाही.

सोमवारी समोरच्या खुर्चीत येऊन बसला माझा सख्खा मामा. तीस वर्षं बस चालवतोय, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आईने आदल्या दिवशीच दम दिला होता, "तुझं शिक्षण त्याने केलंय. तिथे शहाणपणा पाजळू नकोस." शेजारी डेपो मॅनेजर फॉर्म घेऊन उभे. ड्रायव्हर कमी पडतात, त्यामुळे त्यांना सगळेच पास हवे असतात.

मामाने एक डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हटली, "ग, म, र, ल, क!" दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच.

"वा! करा सही, मॅडम," मॅनेजर म्हणाले.

तक्ता मी सकाळीच बदलला होता. जुना पिवळा पडला होता, बाकी काही मनात नव्हतं. नव्यावर शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं.

"मामा, तुला दिसत नाहीये."

"अहो, घरचं माणूस आहे, चालतं," मॅनेजर हसले.

"काय चालतं? बस चालते, साहेब, आणि आत माणसं असतात! मी नापास लिहितेय. पास हवा असेल तर स्वतःच्या सहीने करा."

मामा उसळला. "तुला कडेवर घेऊन फिरलो ते याचसाठी? चार अक्षरांचं काय घेऊन बसलीस! तीस वर्षं तोच रस्ता आहे. तोंडपाठ आहे मला, डोळे मिटून चालवेन!"

मॅनेजरांनी माझ्यापुढे धरलेलं पेन गुपचूप खिशात ठेवलं.

"रस्ता पाठ असेल रे." आता मी थांबणार नव्हते. "रस्ता ओलांडणारी माणसं कशी पाठ करशील?"

मी नापास लिहिलं, खाली सही केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलंही नाही. बघू दे सगळ्यांना.

मामा दाराशी गेला. तिथेच उभा राहिला. मग परत येऊन खुर्चीत बसला आणि त्याने एक डोळा झाकला.

"वरून सुरू कर," तो म्हणाला. "दिसेनासं झालं की खरं सांगतो."

तिसऱ्या ओळीला तो थांबला.