ध्रुवपथचे पेढे

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पाशामियाँ ट्रकांना ‘ध्रुवपथ’ कंपनीची जीपीएस यंत्रं बसवून द्यायचे. समोरच्याच दुकानात त्यांचा जुना दोस्त मुज्तबा ‘नभवाट’ची यंत्रं विकायचा. आज ध्रुवपथचे साहेब शिवशंकर लातूरहून पेढे घेऊन आले.

“चाचा, दोन्ही कंपन्या एक होऊन राहिल्या!”

“नफा झाला म्हणून?”

“तोटा झाला म्हणून. स्वस्तात विकण्याच्या चढाओढीत दोघीही बुडत होत्या. आता एकच कंपनी म्हटल्यावर भाव वाढवता येईल.”

पाशामियाँचा पारा चढला. “वर उपग्रह तेच, खाली रस्ता तोच. भाव पाडून कुणाचंच भलं न्हाई, म्हणून मी किती ओरडलो! तवा तुम्हाला नभवाटला गाडायचं होतं.”

“धंद्यात चालायचंच, चाचा. आता मुज्तबाभाईंशी गोडीनं घ्या. दोघांचं मिळून एकच दुकान ठेवायचं हाय.”

“गोडीनं?” पाशामियाँनी पेढ्यांचा पुडा परत सरकवला. “माझ्या साबेराचं नातं त्याच्या हमजाशी ठरलं होतं. ह्याच खुर्चीवर बसून तुम्ही बोलला होता, दुश्मनाच्या घरात पोरगी देणार असाल तर एजन्सी काढून घेऊ. मी नातं मोडलं, साहेब.”

शिवशंकर चुळबुळले. “मग आता परत बोलणी करा की.”

पाशामियाँनी समोरच्या दुकानाकडं बघितलं. दारावरची फुलांची माळ अजून पुरती सुकली नव्हती.

“गेल्या जुम्म्याला हमजाचा निकाह झाला. तिकडून बोलावणंसुद्धा आलं न्हाई,” ते म्हणाले. “पेढे तेवढे तुम्ही आणले.”