चांगल्या अक्षराची शिक्षा

माझं अक्षर चांगलं आहे, आणि सहावी संपेपर्यंत मला वाटत होतं की ही चांगली गोष्ट आहे.

आमच्या घरात अक्षराला फार मान. बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याच्या वेळा, टेम्पोच्या मागची नावं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालायची सोय नाही. मध्येच थांबून ते कुणाच्या तरी पाटीवरची वेलांटी कशी लंगडी आहे ते दाखवतात आणि त्या दुकानदाराची कीव करतात. अशा घरात माझं अक्षर वाईट असतं तर मला जेवायला वाढलं असतं की नाही, शंकाच आहे. ते मोत्यासारखं झालं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा, निरोपसमारंभाचं पत्र मी लिहायचं, बाईंचं डोकं दुखत असलं तर हजेरीपटावरची नावंसुद्धा मीच.

सातवीत विज्ञानाला नवे सर आले. त्यांचं म्हणणं असं की विज्ञान पाठ करायचं नसतं, हाताने करून बघायचं असतं. मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी जिन्याखालची अडगळीची खोली मिळवली, मोडकी बाकं ठोकून टेबलं केली आणि दर बुधवारी शेवटचे दोन तास आम्हाला तिथे न्यायला लागले. सामान थोडं आणि मुलं फार, म्हणून चौघाचौघांचे गट.

आमच्या गटात प्रोफेसर होता. त्याचा मोठा भाऊ कॉलेजात, त्यामुळे याला सगळं आधीच माहीत. दुसरा खोडरबर. तो काहीतरी बोलतो आणि कुणी त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी आपलं बोलणं पुसून टाकतो. तिसरी चिमणी, वर्गात सगळ्यांत लहानखुरी. चौथी मी.

पहिल्याच बुधवारी सर म्हणाले, "गटात एकाने नोंद ठेवायची. ज्याचं अक्षर चांगलं, त्याने." तिघांनी माझ्याकडे पाहिलं. झालं! माझा निकाल लागला. तेव्हापासून प्रोफेसर करायचा, खोडरबर "मला दे, मला दे" करायचा, चिमणी धरायची आणि मी लिहायचे. भिंगाखाली कागद जळाला तेव्हा मी 'साहित्य' लिहीत होते. बाटलीच्या तोंडावरचा फुगा आपोआप फुगला तेव्हा 'कृती' लिहीत होते. सगळी खोली "ओऽऽ" करायची आणि मी मान वर करेपर्यंत ओ संपलेला असायचा.

मग मोटार आली. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने बांधलेल्या दोन सेफ्टी पिना, वर एक लोहचुंबक, आणि पिनांच्या भोकांत दोन्ही टोकं अडकवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी. बस, एवढंच. हलकंच टिचकी मारायची की गुंडाळी आपली आपण गरगरा फिरते. फिरते म्हणे. मी मान वर केली तेव्हा ती थांबली होती, आणि पलीकडच्या गटाने सेल उचलूनही नेला होता.

"लिही," प्रोफेसर म्हणाला, "गुंडाळी वेगाने फिरू लागली."

मी लिहिलं. 'निरीक्षण' या शब्दाखाली, सुबक अक्षरात, मी न पाहिलेली गोष्ट लिहिली. सरांनी त्या पानावर 'उत्तम' असा शेरा दिला. तो शेरा वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की महिनाअखेर शाळेच्या हॉलमध्ये पालकांना प्रयोग दाखवायचे. आमच्या गटाला मोटार. "प्रयोग करणारा एक, माहिती सांगणारा एक. आणि तक्ता कोण लिहिणार ते काही सांगायला नको," असं म्हणून सर माझ्याकडे बघून छान हसले. मी हसले नाही. मी मनाशी ठरवलं: ती मोटार मी फिरवणार. सगळ्यांसमोर, माझ्या हाताने. मग आकाश कोसळलं तरी चालेल.

आता लिहिण्यातून सुटायचं कसं? सोपं आहे, मला वाटलं. अक्षर बिघडवायचं.

पण वाईट लिहिणं सोपं नसतं. हात ऐकतच नाही. मुद्दाम वाकडा 'क' काढायला जावं तर त्याचं पोट आपोआप गोल होतं. शेवटी पुढच्या बुधवारी मी पेन डाव्या हातात घेतलं, तेव्हा कुठे कोंबडीचे पाय उमटले. प्रोफेसरने वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उलटी धरून पाहिली. सर आले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, हात दुखतोय का?"

"हो, सर."

"मग आज काहीच करू नकोस. स्वस्थ बस."

म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं! लिहिणं तर गेलंच, वर दोन तास हाताची घडी घालून बसावं लागलं. सर भले गृहस्थ. शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानावर बाबा शिडीवर चढून नवी पाटी रंगवत होते, त्यांना त्यांनी जाता जाता काळजीने सांगितलं, "मुलीचा हात दुखतोय, अक्षर पार बिघडलंय. डॉक्टरांना दाखवा."

संध्याकाळी बाबांनी हात न धुताच माझी वही मागितली. ते पान त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिही."

"काय लिहू?"

"काहीही. तुझा पत्ता लिही."

मी लिहिला. सवयीने उजव्या हाताने, आणि सवयीने चांगला. बाबांनी कागद वहीशेजारी ठेवला.

"मुद्दाम?"

मी मान डोलावली. आणि मग जे साचलं होतं ते सगळं भडाभडा बोलून टाकलं: भिंग, फुगा, मोटार, न बघता लिहिलेलं निरीक्षण. आवाज चढला, तो मला आवरेना. आई स्वयंपाकघरातून डोकावली. "बापावर गेलीय. शाळेतलं भांडण घरी आणून भांडतेय," म्हणाली आणि आत गेली.

बाबा चिडले होते, पण त्याहून जास्त त्यांना लागलं होतं. मला ते दिसत होतं. "आपल्या हाताने आपलं काम नासवायचं?" ते म्हणाले. "राग आला तर तोंड आहे ना तुला? आत्ता चाललंय तसं तिथे चालव. आणि लिहिणं म्हणजे काय हलकं काम वाटलं तुला? गटात तुझंच नाव का घेतात, कळत नाही?"

"कळतं. म्हणूनच राग येतो."

बाबांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. जेवताना त्यांचा दुखावलेला चेहरा बघून मला घास जाईना, पण म्हणून माझं म्हणणं काही चुकीचं होत नव्हतं.

बुधवारी मी खोलीत शिरल्या शिरल्या सरांच्या टेबलाशी गेले. "सर, माझा हात दुखत नव्हता. मला लिहायचं नाही. मला मोटार करायचीय."

सर गोंधळले. "मला वाटलं तुला लिहायला आवडतं."

"आवडतं. पण जे लिहिते ते बघायचंही आहे ना!"

मागून प्रोफेसर म्हणाला, "सर, तिने कधी तारसुद्धा सोलली नाहीये."

"तू सोलू दिलीस कधी?" मी म्हटलं. खोडरबर म्हणाला, "बरोबर आहे तिचं." प्रोफेसरने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, तसं नाही," खोडरबर म्हणाला.

सरांनी थोडा विचार केला. "हे बघ, कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे. लोकांसमोर बंद मोटार ठेवता येणार नाही. आज सुट्टी व्हायच्या आत तुझी मोटार फिरली, तर प्रयोग तू करायचा. नाही फिरली, तर प्रोफेसर. कबूल?"

"कबूल."

मला ती कृती तोंडपाठ होती. तार सेलभोवती गुंडाळून वेटोळं करा, दोन्ही बाजूंना टोकं सोडा. तारेवर न दिसणारं आवरण असतं, ते एका टोकावरून पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, दुसऱ्या टोकाची फक्त वरची बाजू खरवडा. मीच लिहिली होती, ठळक मथळ्यासकट. आणि पहिलंच वेटोळं हातातून सुटून डोक्यावरच्या बटांसारखं विस्कटलं. दुसरं जमलं, पण खरवडताना टोकच तुटलं. प्रोफेसर हाताची घडी घालून बघत होता. एकदा त्याचा हात पुढे आला. "आण इकडे, मी..."

"हात मागे," मी म्हटलं. तो मागे झाला.

तिसरी गुंडाळी पिनांवर बसली. मी टिचकी मारली. ती जराशी डोलली आणि लोंबकळली. पुन्हा खरवडलं, पुन्हा बसवली. डोलली, लोंबकळली. बोटांना तांब्याचा वास यायला लागला. आजूबाजूच्या गटांचं आवरून झालं होतं. "चिमणे, नीट धर ना!" मी खेकसले.

"धरलंय," चिमणी म्हणाली. "चटका बसतोय."

सेल तापला होता. वर्षाच्या सुरुवातीपासून हीच पोरगी प्रत्येक गोष्ट धरून उभी होती आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आज धरायला लावणारी मी होते. प्रोफेसरची जागा मिळताच मी प्रोफेसर झाले होते. माझी मलाच लाज वाटली.

"सोड," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरून चिकणमातीचा गोळा आणला आणि सेल त्यात रोवून बसवला. चिमणीने बोटं फुंकली. मग म्हणाली, "ती दर वेळी एकाच बाजूला पडते."

"काय?"

"गुंडाळी. थांबते तेव्हा तीच बाजू खाली असते. मी धरून उभी असते ना, मला दिसतं."

मी पाहिलं. खरंच की! फिरवून सोडली, तीच बाजू खाली. उलटी करून सोडली, घरंगळून पुन्हा तीच खाली. एक बाजू जड होती, कारण टोकं वेटोळ्याच्या बरोबर मधून निघत नव्हती, थोडी वरून निघत होती. कृतीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी एक टोक वाकवलं, चिमणीने दुसरं. जास्त झालं. परत आणलं. गुंडाळी आता कुठेही सोडली तरी तिथेच थांबायला लागली.

तेवढ्यात घंटा झाली. दप्तरं उचलली गेली, बाकं सरकली. सर दारात उभे राहून किल्ली शोधत होते आणि ती त्यांना मुद्दामच सापडत नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

मी टिचकी मारली. काही नाही. दुसऱ्या बाजूने मारली. गुंडाळी गेली, थबकली, आणि मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखी सुटली. इतकी जोरात की तिची तार दिसेना, नुसता तांबूस गोळा दिसायला लागला. चिमणी किंचाळली. खोडरबर "फिरली, फिरली!" म्हणाला, आणि या वेळी त्याने ते पुसलं नाही. मला रडू आलं. आनंद होताच, पण इतके दिवस हे माझ्या नाकासमोर होत होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं, याचा संताप जास्त होता.

"प्रयोग तू करायचा," सर म्हणाले. "पण तक्ता तरी..."

"नाही, सर. प्रयोग मी, माहिती चिमणी, तक्ता प्रोफेसर."

सरांनी मान डोलावली.

प्रोफेसर तक्त्यापुढे दोन दिवस घाम गाळत होता. ओळी डावीकडून निघायच्या आणि उजवीकडे डोंगर चढायच्या. 'चुंबक' लिहिताना त्याची जागा संपली, म्हणून 'क' खालच्या ओळीत गेला. "लिहायलाही वेळ लागतो गं," तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, "सांगतोस कुणाला!" माझा हात नुसता शिवशिवत होता, पण मी पेन उचललं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. आमच्या टेबलाशी गर्दी होती. चिमणी पाटावर उभी राहून खणखणीत आवाजात सांगत होती आणि मी मोटार फिरवत होते, थांबवत होते, पुन्हा फिरवत होते. बाबा येतील की नाही, मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळपासून या विषयावर आमचं बोलणं झालं नव्हतं.

ते आले. कामावरून तसेच, नखांत निळा रंग घेऊन. आणि त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो तक्ता. साहजिकच आहे. त्यांची नजर त्या खाली पडलेल्या 'क' वर जाऊन रुतली.

शेजारी ते औषधाचे दुकानदार होते, ज्यांची पाटी बाबांनी रंगवली होती. ते मोठ्याने हसले. "काय पेंटर! तुमच्याच मुलीचा गट ना हा? अक्षर काही बापावर गेलं नाही!" आजूबाजूचेही हसले. सगळ्यांनी आधी तक्ता बघितला, मग बाबा.

बाबांचे कान लाल झाले. माझ्या बाबांना मी ओळखते. माझ्या नावावर वाकडं अक्षर खपणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मला वाटलं, आता ते म्हणतील, हिचं अक्षर मोत्यासारखं आहे हो, हे दुसऱ्याच कुणाचं. किंवा मला म्हणतील, घे तो तक्ता, लिही परत.

त्यांनी तक्त्याकडे पाठ केली.

"ते जाऊ द्या," ते दुकानदारांना म्हणाले. "हे फिरतंय ना, हे तिने केलंय. हे बघा."

मग ते स्वतःच वाकले. गुंडाळी थांबली होती. त्यांनी रंगाचं बोट पुढे केलं, मध्येच थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुठून ढकलायची?"

हाताच्या कामातलं काही बाबांनी मला विचारलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"उजवीकडून," मी म्हटलं. "आणि हळू, बाबा. जोर लावायचा नाही."