आकाशी म्हणजे निळाच

"बातम्या बघायच्या नाहीत, इस्त्री लावायची नाही, आता पायसुद्धा वाजवायचे नाहीत. हे घर आहे की दवाखाना?" धाकटी जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली. आम्ही दोघी चोरासारख्या चवड्यांवर बैठकीच्या खोलीतून चाललो होतो.

कारण भावजींनी टीव्हीला कॉम्प्युटर जोडला होता. स्वस्तातला, घरगुती, पाटीएवढा. मागे जादा मेमरीचा डबा खोचलेला. जमीन हादरली की डबा हलायचा, आणि डबा हलला की लिहिलेलं सगळं पुसून जायचं. इस्त्रीने दिवे मंदावले, तरी पुसायचं. कॅसेटवर साठवता येतं म्हणे. पण टेपरेकॉर्डर कधी किंचाळून सगळं परत द्यायचा, तर कधी नुसताच किंचाळायचा.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच ठाऊक, की मामंजींच्या बटणांच्या दुकानाचा सगळा माल त्यात भरायचा आणि मग तीच युक्ती इतर दुकानदारांना विकायची, यासाठी भावजींनी चांगली नोकरी सोडली होती. पण भरता भरता दुकान रिकामंच होत चाललेलं.

"वहिनी, आकाशी आणि निळा एकच धरला तर चालेल?"

"शर्ट निळा असेल तर चालेल."

"आणि आकाशी असेल तर?"

"तर नाही, भावजी."

ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या यादीतून आकाशी गेला. मग "कोण घेतंय?" म्हणत चौकोनी बटणं गेली. मग दोन भोकांची आणि चार भोकांची एकत्र नांदू लागली. मी चक्रावले. कॉम्प्युटर दुकानासाठी होता, की दुकान कॉम्प्युटरसाठी? यांना विचारलं, तर म्हणाले, "तू काही बोलू नकोस हं त्याला. आधीच झोप नाही त्याची." म्हणजे यांनाही काहीतरी दिसत होतं.

सुट्टीच्या दिवशी मामंजी टीव्हीसमोर बसले. "शिंपल्याची किती आहेत, विचार बघू."

भावजींनी कळा दाबल्या. पडदा काळा झाला.

"गेला?"

"विचार करतोय, बाबा."

"माझंही हल्ली असंच होतं," मामंजी म्हणाले.

बऱ्याच वेळाने आकडा उमटला. मामंजींनी चष्मा वर केला. "एवढी कुठली रे?"

"त्यात हाडाची आणि लाकडाचीही आहेत. एकाच नावाखाली घातलीत."

"मग गिऱ्हाइकाने शिंपल्याची मागितली तर?"

"तर..." भावजींनी मानेमागे हात फिरवला. "तर खण उघडून बघायचं."

मामंजींनी मान डोलावली, हसावं की नाही ते न कळल्यासारखी. हे म्हणाले, टीव्ही जरा मोठा हवा होता. मी म्हटलं, चहा टाकते. भावजी डब्याचा सांधा बोटांनी चाचपत राहिले, कुणाकडेही न बघता.

धाकटी उठली. या खेपेला चवड्यांवर नाही. सरळ जाऊन नवऱ्याच्या शेजारी बसली.

"अहो, यात दुकान मावत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कधीच कळलंय ते. साहेबांनी तुमची जागा अजून भरलेली नाही. उद्या जाऊन विचारा."