बिननावाचं मलम

वॅक्सिंगनंतर पाय लाल होणं यात नवल काहीच नाही. केस मुळासकट उपटले की कातडी चिडणारच. वहिनी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायची. मेण किती गरम आहे ते ती स्वतःच्या मनगटावर बघायची, पावडर लावून घाम टिपायची, पट्टी कातडीला समांतर ठेवून एका झटक्यात ओढायची. मग गार पाण्यात पिळलेला फडका आणि कोरफडीचा गर. "आजच्या दिवस गरम पाण्यानं अंघोळ नको, घट्ट पँट नको, आणि पुटकुळ्या आल्या तरी नखं लावू नका," हे तर ती झोपेतही म्हणाली असती.

खरं तर ती वहिनी होती फक्त नणंदेची. पण नणंद दिवसभर पार्लरमध्ये "वहिनी, टॉवेल कुठंय, वहिनी, मेण संपलं" असा घोषा लावायची, त्यामुळे गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणू लागली. नणंदेला घरात सगळे छोटी म्हणत. लग्न मोडून छोटी भावाच्या घरी परत आली तेव्हा तिच्याकडे एक बॅग आणि भरपूर गप्प बसणं एवढंच होतं. वहिनीनं तिला विचारलं काहीच नाही, नुसता एक अ‍ॅप्रन हातात दिला.

छोटीचा हात हलका होता, पण गिऱ्हाइकं मागायची वहिनीलाच. छोटी वाट मोकळी करून बाजूला व्हायची आणि आरसे पुसत बसायची.

मग एक दिवस तिनं ती डबी आणली. पांढरी, प्लॅस्टिकची, वर ना नाव ना लेबल.

"मावसबहिणीच्या दुकानात मोठ्या डब्यातून भरून देतात," ती म्हणाली. "वॅक्सिंगनंतर लावायचं. बघ तर खरं."

त्या दिवशी आलेल्या बाईचे पाय नेहमीच टोमॅटोसारखे लाल व्हायचे. छोटीनं बोटावर जरासं मलम घेऊन चोळलं. बाई चहा पिऊन कप खाली ठेवेपर्यंत लाली उतरली होती.

"अगं बाई! केस गेले ते गेले, वर नवी कातडी मिळाली!" बाई हसत म्हणाली. "तुझं नाव काय गं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी छोटीचं नाव विचारलं होतं. वहिनीनं तिचा चेहरा पाहिला आणि विचारायचं होतं ते विचारलंच नाही. मलमात आहे काय?

त्यानंतर बायका छोटीचीच वेळ मागू लागल्या. कोरफडीचं भांडं फ्रीजमध्ये मागे सरकत गेलं. बायका डब्या घरीही नेऊ लागल्या, आणि छोटी आनंदानं देऊ लागली. पुटकुळ्यांना लावा, डासाच्या चाव्याला लावा, डागांना लावा. सगळं लगेच दबायचं. वहिनीला मात्र एक गोष्ट खटकत होती. पूर्वी ज्यांना नुसत्या गार फडक्यानं बरं वाटायचं, त्यांनाही आता मलम लागायचं. आणि दोन वॅक्सिंगच्या मधल्या दिवसांतही त्या डबी मागायला यायच्या. "संपली हो, पाय नुसते पेटलेत," म्हणायच्या, आणि हसायच्या. त्या हसण्यात काहीतरी घाई होती.

पोहणं शिकवणारी एक बाई होती. उंच, धडधाकट, पाय सतत उघडे, म्हणून तिला वेळच्या वेळी वॅक्सिंग लागायचं. एका दुपारी छोटी बाहेर गेली होती म्हणून ती वहिनीच्या हाती आली. वहिनीनं पावडर लावली आणि थबकली. पिंढरीची कातडी चकाकत होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. खालच्या बारीक लाल शिरा सरळ दिसत होत्या.

"मलम रोज लावता?"

"लावते की. नाही लावलं तर तलावातून बाहेर आल्या आल्या आग होते. का हो?"

वहिनीनं थांबायला हवं होतं. पण बाईला घाई होती, मेण तयार होतं, आणि हातांना सवय होती. तिनं एकच पट्टी लावली आणि ओढली.

पट्टीबरोबर केस आले, आणि केसांबरोबर कातडी आली. तळहाताएवढा पापुद्रा. बाई ओरडली नाही. नुसती आपल्या पायाकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग उघड्या मांसातून बारीक थेंब वर येऊ लागले.

वहिनीनं स्वच्छ ओला फडका ठेवला, दुकानाला कुलूप लावलं आणि तिला रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. निघताना एक डबी पर्समध्ये टाकली. डॉक्टरबाईंनी आधी पाय पाहिला, मग डबी, मग पुन्हा पाय.

"तपासायला पाठवते, पण मला शंका नाही. यात जबर ताकदीचं स्टेरॉइड आहे. लाली लगेच दबते, म्हणून माणूस खूश होतो. रोज लावलं की कातडी पातळ होत जाते. सोडलं की दुप्पट आग होते, म्हणून पुन्हा लावतो. हे किती जणींना दिलंत?"

वहिनी बोटांवर मोजू लागली. दोन्ही हातांची बोटं संपली.

घरी छोटी बेसिनपाशी तोंड धूत होती. वहिनी मागे उभी राहून बोलू लागली, तेवढ्यात तिची नजर वर गेली. आरशात छोटीचा मेकअपशिवायचा चेहरा होता. गाल भाजल्यासारखे लाल, हनुवटीवर पुळ्यांची रांग.

"तूसुद्धा?"

"आधी वांगावर लावलं," छोटी पुटपुटली. "गेला तो. मग थांबवलं की असं होतं. म्हणून थांबवत नाही."

वहिनीनं पोहणाऱ्या बाईच्या पायाचं सांगितलं, डॉक्टरबाईंचंही सांगितलं. छोटी ऐकत होती आणि टॉवेल पिळत होती. शेवटी म्हणाली, "वहिनी, मला काय माहीत? मला वाटलं, एक तरी गोष्ट मला जमली."

वहिनीनं तिला जवळ घेतलं. रागवायचं तिनं नंतरसाठी ठेवलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वॅक्सिंग बंद अशी पाटी लागली आणि दोघी फोन करत बसल्या. वहिनी सांगायची, मलम थांबवा, पण डॉक्टरांना विचारून. पाय जळले तर गार पट्ट्या ठेवा, सैल कपडे घाला, बरं होईपर्यंत कातडीला ना मेण ना ब्लेड. कुणी घाबरली, कुणी शिव्या दिल्या. बऱ्याच जणींनी एकच विचारलं. "एक शेवटची डबी मिळेल का?"

मग एकीनं फोन उचलला, आवाज अगदी तरुण. मागे बाळ कुरकुरत होतं. वहिनीचं बोलणं तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी पायाला लावतच नाही हो," ती म्हणाली. "बाळाला लावते. डायपरनं लाल होतं ना, तिथं. दर वेळी बदलताना. लाली लगेच जाते."

वहिनी खुर्चीतून उठली. "बाळ कसं आहे?"

"मस्त! गाल असे गुबगुबीत झालेत. सगळे म्हणतात, काय बाळसं धरलंय!"

"ताबडतोब डॉक्टरकडे न्या. आत्ता."

"तुम्ही माझ्या बाळाला दृष्ट लावू नका," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. वहिनीनं पुन्हा लावला तेव्हा तो नुसता वाजत राहिला.

डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांचा आवाजच बदलला. इतक्या लहान जिवाच्या कातडीतून ते थेट रक्तात जातं, त्या म्हणाल्या. ती सूज असते, बाळसं नव्हे. आणि एकदम बंद केलं तरी धोका. मुलांच्या रुग्णालयातच आणायला हवं.

त्या बाळाच्या आईचं घर वहिनीला माहीत नव्हतं. छोटीला अंदाज होता. कापडाच्या दुकानामागची इमारत, वरचा मजला. दोघी जिने चढल्या. दार अर्धवट उघडलं, साखळी लावलेलीच होती. फटीतून बाळाची आई दिसली, अजून मुलगीच होती ती. कडेवर बाळ होतं. चेहरा पूर्ण गोल, डोळे फुगलेल्या गालांत बुडालेले, आणि हातपाय मात्र काटकीसारखे. बाळ रडत नव्हतं. एवढ्या अनोळखी चेहऱ्यांकडेही त्यानं मान वळवली नाही.

"मी सांगितलं ना फोनवर," मुलगी म्हणाली आणि दार लोटू लागली.

वहिनी समजावू लागली, स्टेरॉइड, रक्त, धोका. दार सरकतच होतं. तेव्हा छोटीनं ओढणीनं तोंड खसाखसा पुसलं. पावडर निघाली, मेकअपचा थर निघाला, ओठांचा रंग निघाला. तिनं चेहरा फटीशी नेला.

"हे बघ. मीच दिलं होतं तुला. माझ्यावर विश्वास ठेवलास ना तेव्हा? आता या चेहऱ्यावर ठेव."

ती मुलगी बघत राहिली. तिची नजर छोटीच्या गालांवरून बाळाच्या गालांवर गेली, पुन्हा परत आली. साखळी निघाली.

रुग्णालयात बाळाला लगेच आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड बाहेरून मिळत गेलं म्हणून शरीरानं स्वतःचं बनवणंच सोडून दिलंय. आता ते औषधातून देऊन हळूहळू कमी करावं लागेल, मध्ये साधा ताप आला तरी घेऊन या. तिघी बाकावर बसल्या. थोड्या वेळानं त्या मुलीनं छोटीचा हात धरला, आणि इतका घट्ट आवळला की छोटीच्या बोटांचा रंग गेला. क्षमा होती की राग, छोटीला कळलं नाही.

बाळ वाचलं. गाल उतरायला पुष्कळ महिने लागले, आणि जसजसे ते उतरले तसतसं ते रडू लागलं, हसू लागलं, लोकांकडे वळून बघू लागलं. पोहणाऱ्या बाईच्या पिंढरीवर काळसर डाग राहिला. ती आता घोट्यापर्यंतचा पोशाख घालून पाण्यात उतरते. तपासणीचा अहवाल घेऊन दोघी मावसबहिणीच्या दुकानात गेल्या तेव्हा तो मोठा डबा तिथं नव्हता. "कंपनीनं परत नेला," ती म्हणाली आणि हिशेबात डोकं घातलं.

छोटीच्या चेहऱ्यानं फार छळलं. पहिले आठवडे ती पंख्याखाली ओली पट्टी घेऊन बसायची आणि वहिनीला म्हणायची, "मी मागितलं तरी देऊ नकोस हं." मागायची. वहिनी द्यायची नाही.

हल्ली चौकाच्या पलीकडे नवं पार्लर उघडलंय. तिथून परतणाऱ्या बायका म्हणतात, तिथं वॅक्सिंगनंतर पाय लालच होत नाहीत. छोटी रोज सकाळी चेहरा न रंगवता, काही न लावता दारात उभी राहते आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारते. काही जणी थांबतात. बाकीच्या चालण्याचा वेग वाढवतात.